रेघेच्या अलीकडे

माझ्या हातातून ब्रश निसटला आणि थेट एका कुत्रीच्या डोक्यावर जाऊन पडला.

साधीसुधी कुत्री असती तर मी 'सॉरी हं' म्हणून मोकळी झाले असते. पण ही म्हणजे… काळीकुळकुळीत, मानेनं जाड, गालांवर तांबूस डाग, आणि डोकं एवढं रुंद की त्यावर चहाचा कप ठेवावा. मी चपलांच्या दुकानाच्या पाटीसमोर, शिडीच्या टोकाला. खाली ती. तिच्या दोन कानांच्या मधोमध माझा निळा रंग. आता माझं काही खरं नाही, असं म्हणून मी डोळेच मिटून घेतले.

काहीच झालं नाही. डोळे उघडले तर ती शांतपणे बसली होती आणि वर माझ्याकडे बघत होती.

"तुम्ही ठीक आहात ना?" तिचा पट्टा धरलेल्या माणसानं विचारलं.

ब्रश लागला त्याच्या कुत्रीला आणि विचारपूस माझी! मी शिडी घट्ट धरून नुसती मान हलवली—हो म्हणून की नाही म्हणून, माझं मलाच कळलं नाही. आता हा म्हणणार, 'घाबरू नका हो, ती काही करत नाही.' कुत्री पाळणारे सगळे हेच म्हणतात. माझी आत्या तर उठताबसता म्हणते. आणि माझ्या हनुवटीखाली टाक्यांचा व्रण आहे तो आहेच.

पण तो म्हणाला, "तुम्हाला भीती वाटतेय. साहजिक आहे. आम्ही रस्त्यापलीकडे जाऊन थांबतो. तुम्ही सावकाश उतरा."

आणि खरंच गेला की! ब्रश उचलून शिडीच्या खालच्या पायरीवर ठेवला, खिशातल्या रुमालानं तिचं डोकं पुसायचा प्रयत्न केला, रंग आणखीच पसरवला, आणि म्हणाला, "चल, उशी."

उशी! त्या अवाढव्य जनावराचं नाव उशी!

पलीकडच्या दिव्याच्या खांबापाशी दोघं उभे राहिले. त्याच्या पांढऱ्या शर्टाच्या बाहीवरही निळे शिंतोडे उडाले होते आणि ते त्याच्या गावीही नव्हतं. दिसायला चांगला होता… हे मला त्या वेळी सुचायला नको होतं, पण सुचलं. मी कशीबशी उतरले, पुन्हा चढले, काम संपवलं. दुपारी बाबा बघायला आले तेव्हा कळलं, की पहिलं अक्षर निळं झालंय आणि बाकीची सगळी मी हिरवी करून ठेवली आहेत.

"ही नवी फॅशन वाटतं, चिमे?" बाबांनी एवढंच विचारलं.

आमचं पाट्या रंगवायचं दुकान आहे. आधी बाबांचं होतं, आता दोघांचं. हल्ली फलक छापून मिळतात, तरी हातानं काढलेलं अक्षरच हवं असा हट्ट धरणारी माणसं अजून शिल्लक आहेत, आणि त्यांच्यावर आमचं बरं चाललं आहे.

दोनेक दिवसांनी मी दुकानाच्या दारात एक पाटी घासत बसले होते, तर रस्त्यापलीकडून हाक आली.

"पेंटरबाई! एक पाटी करून हवी होती!"

खांबापाशी तोच. शेजारी उशी. कपाळ अजून निळसर.

"मग इकडे या ना!" मी ओरडले, आणि लगेच पुन्हा ओरडले, "नको! तिथंच थांबा!"

"हिला इथं बांधून मी येत नाही! बांधून ठेवलेलं तिला आवडत नाही!"

"मग तिथूनच सांगा!"

त्यानं तिथूनच सांगितलं. अख्ख्या रस्त्यानं ती ऑर्डर ऐकली. रविवारच्या वर्गाची पाटी हवी होती. 'कुत्र्याची भाषा शिका. मैदानात. सगळ्यांसाठी, विनामूल्य.' अक्षरं केवढी, रंग कुठला, पाटी कशावर ठोकायची… मध्ये एक ट्रक आला आणि आम्हाला दोघांना थांबावं लागलं. शेजारचा चपलावाला गालातल्या गालात हसत होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेवटी मी आतून खडू आणला आणि आमच्या फुटपाथच्या पार कडेला एक जाड रेघ ओढली.

"इथपर्यंत या. पुढं नाही."

दोघं आले. तो रेघेशी थांबला तशी उशी बसली, पुढचे दोन्ही पंजे बरोबर रेघेच्या मागं. एक नखसुद्धा अलीकडे नाही. आजवर मी 'नको' म्हटलेलं कुठल्या कुत्र्याच्या मालकानं ऐकलंच नव्हतं.

तेव्हापासून ते रोज येऊ लागले. तो कवळ्या बनवायचा. पलीकडच्या गल्लीत दातांच्या डॉक्टरांच्या हाताखाली एक छोटी प्रयोगशाळा होती, तिथं बसून लोकांचे खोटे दात घडवायचा, म्हणून कॉलनीत त्याला सगळे 'कवळीवाला' म्हणत; राहायचाही आमच्याच कॉलनीत, पार दुसऱ्या टोकाला. दुपारच्या सुट्टीत उशीला फिरवायला निघायचा आणि आमच्या रेघेपाशी थांबायचा.

"तुमची प्रयोगशाळा त्या बाजूला, घर त्याच्याही पलीकडे. मग रोज या वाटेनं कशाला येता?" मी एकदा विचारलंच.

"उशीला ही वाट आवडते."

"उशीला?"

"मी तिच्या मताला मान देतो," तो अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, आणि मला वाटलं… नाही, काही वाटून घ्यायचं नाही असं मी ठरवलं. ठरवलं तरी दिवसभर तेच वाटत राहिलं.

रेघ मात्र सरकू लागली. मी रोज सकाळी जुनी पुसायची आणि थोडी अलीकडे नवी ओढायची. त्यानं कधी 'आता तरी या ना जवळ' म्हटलं नाही. आला की आधी खाली बघायचा, रेघ कुठंय ते शोधायचा आणि तिथंच थांबायचा. एकदा तो उशीला "थांब" म्हणाला, तर भरलेला ब्रश हवेत तसाच धरून मीही थांबले.

"तुम्हाला नव्हतं म्हटलं," तो म्हणाला.

"माहितीये!" माझे कान तापले.

"पण तुम्हीही छान थांबता."

अशा वाक्यावर काय बोलायचं असतं? मला अजूनही माहीत नाही. मी ब्रश डब्यात बुडवला. तो डबा टर्पेंटाइनचा होता.

आणि हे सगळं बरं चाललेलं असताना आत्या आली.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण, आणि कॉलनीच्या समितीची अध्यक्ष. तिच्या काखेत कापूस होता. कापूस हा तिचा पांढरा झुबकेदार कुत्रा. उजव्या डोळ्याभोवती तपकिरी डाग, एक कान जरासा दुमडलेला, आणि मला बघितलं की वरचा ओठ डाव्या बाजूनं उचलायची सवय. मी तशी टेबलाच्या मागं सरकले.

"बघ कसा हसतोय तुला!" आत्या म्हणाली. "अगं घे ना त्याला, काही करत नाही तो!"

मी हनुवटी खाजवली. आत्याच्या मते तो व्रण म्हणजे 'खेळता खेळता ओरखडा'. मी कॉलेजात असताना पडलेला, पण त्यावर आमच्या घरात बोलायची सोय नव्हती.

आत्याला पाटी हवी होती. मोठी, फाटकाशी लावायची. बी इमारतीच्या वरच्या मजल्यावरचा एक मोठा कुत्रा गच्चीवरून सुटून जिन्यात धावत आला होता, त्यात एक आजोबा पडले आणि त्यांचं मनगट मोडलं. त्यामुळे रविवारी संध्याकाळी सभा होती आणि सभेत ठराव: 'या कॉलनीत पुढील जातींच्या कुत्र्यांना सक्त मनाई.' खाली जाती लिहिल्या होत्या. पहिलंच नाव रॉटवायलर.

"ठराव झाला कुठंय अजून?" बाबांनी विचारलं.

"होणारच आहे. लगेच लावता यावी म्हणून आधीच करून ठेवा. आणि चिमणे, वर एक चित्र काढ. काळा, दांडगा, दात विचकलेला कुत्रा. बघणाऱ्याला धडकी भरली पाहिजे." मग तिनं इकडेतिकडे बघून आवाज खाली आणला. "आणि त्या कवळीवाल्याला आत्ताच काही बोलू नकोस. पुढच्या आठवड्यात मला जरा… तब्येतीच्या कामासाठी त्याच्याकडे जायचंय."

आत्याचे वरचे सगळे दात त्याच्या हातचे आहेत. ही गोष्ट आम्हा घरच्यांशिवाय कुणालाही ठाऊक नाही आणि आत्याची समजूत अशी, की आम्हालाही ठाऊक नाही.

पण असल्या बातम्या लपतात थोड्याच? दुसऱ्या दिवशी तो रेघेपाशी आला तेव्हा त्याला सगळं कळलेलं होतं. आज तो हसला नाही.

"ठराव झाला तर काय करणार?" मी विचारलं.

"जाणार. हिला सोडून मी राहणार नाही. टेकडीपलीकडे एक खोली बघून ठेवलीय. कामही तिकडंच शोधेन."

मी काहीतरी खुळ्यासारखं बोलून गेले. "पण ही नक्की रॉटवायलरच आहे का?"

"मलाही नीट माहीत नाही. डॉक्टर म्हणतात, बाप असावा. आई कोण होती, देव जाणे. पण दिसते तशी, म्हणजे धरणार तसंच." तो उशीच्या मानेवर हात फिरवत होता. "पहिल्या मालकानं हिला भयंकर दिसते म्हणूनच आणलं होतं. अंगणात आखूड साखळीला बांधून ठेवायचा. मग त्यालाच हिची भीती वाटायला लागली."

"पण त्या आजोबांचा हात मोडला, त्याचं काय?" मला विचारावंच लागलं. कारण जिन्यात त्या आजोबांच्या जागी मी असते तर… या विचारानंसुद्धा माझे तळहात ओले होतात.

"मोडला. ते वाईटच झालं," तो म्हणाला. "आणि मी हिला दिवसभर गच्चीवर कोंडून एकदम सोडली असती, तर हिनंही मोडला असता. जिन्यात पट्टा हवा. लस हवी. रोजचं फिरणं हवं, शिकवणं हवं. हे सगळं मालकाकडून वसूल करा ना! कुत्रं केवढंही असो, कुठल्याही जातीचं असो. नुसती जात काढून टाकली तर तो वरच्या मजल्यावरचा उद्या दुसऱ्या जातीचं आणेल आणि तेही कोंडून ठेवेल."

"मग सभेत सांगा हे."

"सांगणार आहे. पण ज्याचं कुत्रं, तो त्याची बाजू घेणारच म्हणतील. ज्याला भीती वाटते अशा कुणी सांगितलं तर ऐकतील."

तो माझ्याकडे बघत नव्हता. उशी मात्र बघत होती.

"तुम्ही… मला सांगताय का हे?"

"नाही," तो पटकन म्हणाला. "तुमच्या आत्या आहेत त्या. तुम्हाला असं काही मी कधीच सांगणार नाही."

म्हणजे सांगायचं होतं? की नव्हतं? रात्री जेवताना मी आमटीऐवजी पाण्यात भात कालवला. त्याचं म्हणणं खरं वाटत होतं. पण माझी भीतीही खोटी नव्हती. आणि तो जाणार म्हटल्यावर जे काही छातीत होत होतं, ते कुठल्या बाजूला धरायचं हेच कळत नव्हतं.

दुकानात दोन्ही पाट्या शेजारी शेजारी वाळत होत्या. 'कुत्र्याची भाषा शिका' आणि 'सक्त मनाई'. दोन्हींची अक्षरं माझीच.

"बाबा, ही करायलाच हवी का?"

"आपण पाट्या रंगवतो, चिमे. मतं नाही," बाबा म्हणाले. मग बराच वेळ ब्रश धूत राहिले. "पण चित्र तुझं तू काढ. ते कसं काढायचं, हे मी सांगणार नाही."

चित्र काही केल्या जमेना. दुपारी उशीला समोर बसवून बघितलं. ती रेघेपाशी पाय पसरून झोपली. दात बघावेत तर जांभई दिली. पाच वेळा काढलं, पाचही वेळा कागदावर एक सुस्तावलेली, भल्या मनाची बाई उतरली. शेवटी मी कागद बाजूला सारले. धडकी भरेल असं काढायचंय ना? मग धडकी भरते तेव्हा मला काय दिसतं? मी डोळे मिटले आणि हाताला जायचं तिकडं जाऊ दिलं. काळं, दांडगं धड सांगितल्याप्रमाणे काढलं. तोंड एका झपाट्यात झालं, एकदाही पुसावं लागलं नाही. पूर्ण झाल्यावर त्याच्याकडे बघवेना, म्हणून मी वरून कापड टाकलं आणि पाटी भिंतीकडे तोंड करून ठेवली.

रविवारी सकाळी त्याची पाटी ठोकायला मैदानावर गेले. ठोकून झाली तरी पाय निघेना. जाळीच्या बाहेर उभी राहून बघत बसले. सातआठ पोरं, दोन आया आणि एक पेन्शनर, एवढाच वर्ग. अनोळखी कुत्रं अंगावर आलं तर झाड व्हायचं, असं तो शिकवत होता. पळायचं नाही, ओरडायचं नाही. हात पोटाशी घ्यायचे, नजर आपल्या पायांवर ठेवायची आणि मुळं धरल्यासारखं उभं राहायचं. पोरं एकेक करून झाडं झाली. थोड्या वेळानं त्याचा आवाज अगदी जवळून आला.

"बाहेर पण एक झाड उगवलंय वाटतं."

मी हात पोटाशी घेऊन, मान खाली घालून उभी होते. जाळीच्या पलीकडे तो, त्याच्या पायाशी उशी. मधे रेघ नव्हती.

"घाबरलीस?" त्यानं विचारलं, आणि चपापला. "म्हणजे… घाबरलात का?"

"नाही," मी म्हणाले. "म्हणजे हो. पण… तसलं नाही."

तो हसला. मग हसू विझलं. "संध्याकाळी काय होईल ते होईल. पाटी छान झालीय. जाताना ही तेवढी घेऊन जाईन."

'जाताना' हा शब्द घेऊन मी घरी आले.

संध्याकाळी कॉलनीचा हॉल गच्च भरला होता. पुढे आत्या, कडेवर कापूस. पहिल्या रांगेत हात गळ्यात बांधलेले आजोबा. दाराशी, सगळ्यांत मागं, तो एकटा. उशीला त्यानं घरीच ठेवलं होतं. आत्यानं भाषण केलं. त्यानं उठून आपलं म्हणणं मांडलं, शांतपणे, मुद्द्याला धरून. आणि त्यानं सांगितलं होतं तसंच झालं.

"तुम्ही तर म्हणणारच!" मागून कुणीतरी म्हणालं, आणि माना डोलल्या.

"मतदानाच्या आधी पाटी बघून घ्या," आत्या म्हणाली आणि तिनं कापड ओढलं.

मग तिसऱ्या रांगेतून एक बाई म्हणाल्या, "अय्या! हा तर तुमचा कापूस!"

मी पाटीकडे पाहिलं. धड काळं, दांडगं, सांगितल्याबरहुकूम. पण तोंड… उजव्या डोळ्याभोवती तपकिरी डाग. एक कान दुमडलेला. वरचा ओठ डाव्या बाजूनं उचललेला. आख्खा हॉल हसत सुटला आणि आत्याच्या कडेवरच्या कापसानं नेमकं तेच तोंड केलं.

"चिमणे!" आत्या लालबुंद झाली. "ही काय थट्टा आहे?"

"थट्टा नाही, आत्या." मी कधी उभी राहिले ते मला आठवत नाही. "धडकी भरेल असं काढ म्हणालीस. मला… मला धडकी भरवणारं तोंड एवढं एकच माहितीये. मला चावलेला कुत्रा हाच आहे."

"चावला कुठं? खेळत होता तो!"

"टाके पडले होते, आत्या."

हसणं थांबलं. तेवढ्यात तो मागून पुढं आला आणि पाटीसमोर थांबला. आता हा जिंकला, मला वाटलं, आता हा आत्याची खिल्ली उडवणार.

"हे चित्र फार खरं आहे," तो म्हणाला. "पण हा चिडलेला कुत्रा नाही. हा घाबरलेला आहे. कान बघा, मागं गेलेत. डोळ्याचा पांढरा कोपरा दिसतोय. तो म्हणतोय, 'मला सोडा, लांब व्हा.' तेवढं ऐकलं तर तो कधीच चावत नाही. नाही ऐकलं, तर कुठल्याही जातीचा चावतो."

"माझा कापूस? घाबरतो?" आत्याचा आवाज उतरला. "कुणाला?"

"आत्ता बघा ना. त्याला जरा खाली ठेवून बघा."

आत्यानं त्याला खाली ठेवलं. कापूस तडक तिच्या खुर्चीखाली शिरला, अंग झाडलं आणि भिंतीला टेकून बसला. ओठ खाली आला. आत्या त्याच्याकडे बघत राहिली.

"त्या दिवशी…" ती हळूच म्हणाली, आणि ते ती मलाच म्हणत होती. "तू हात लावावास म्हणून मीच त्याला घट्ट धरून ठेवलं होतं, चिमणे. तो सुटायला बघत होता."

मला रडू आलं. कित्येक वर्षांत पहिल्यांदा 'खेळता खेळता' हे शब्द आले नव्हते. पण बोलायचं राहिलं होतं आणि आता थांबले असते तर पुन्हा कधी बोलले नसते.

"मला कुत्र्यांची भीती वाटते," मी सगळ्यांना म्हणाले. "अजून वाटते. उशीचीसुद्धा. पण मी माझ्या दारात खडूनं रेघ ओढते, आणि तिच्या मालकानं ती एकदाही ओलांडू दिली नाही. मला सगळ्यांकडून तेवढंच हवंय. चावणाऱ्याची जात लिहायची तर मला या पाटीवर कापसाची लिहावी लागेल. आणि त्याला कुणी हाकलावं असं मला वाटत नाही."

मग आजोबा खाकरले.

"माझा राग त्या कुत्र्यावर नव्हताच," ते म्हणाले. "त्याला दिवसभर कोंडणाऱ्यावर आहे. तो बसलाय बघा तिथं पंख्याखाली. त्याच्यासाठी काहीतरी नियम करा."

आणि नियम झाला. जिन्यात पट्टा, वेळच्या वेळी लस, कुत्रं दिवसभर कोंडून ठेवायचं नाही, आणि प्रत्येक मालकानं, मग कुत्रं मुठीएवढं का असेना, रविवारच्या वर्गाला यायचं. हात वर होत गेले. आत्याचा सगळ्यांत शेवटी.

"तसंही यांना घालवून चालण्यासारखं नाही," ती पुटपुटली आणि तिनं गालावरून हात फिरवला. तो खाली जमिनीकडे बघत होता. त्याचे ओठ मात्र हसू दाबत होते.

पाटी वाया गेली नाही. आत्यानंच जाती पुसून नवीन मजकूर लिहायला सांगितला: 'असा चेहरा दिसला तर थांबा. मी घाबरलो आहे.' तोंड तसंच ठेव म्हणाली. आता फाटकाशी जाणारायेणारा प्रत्येक जण कापसाला ओळखतो आणि हात लावायच्या आधी विचारतो. आत्याला याचा बराच अभिमान आहे.

पण मला सभेच्या दुसऱ्या दिवसाचं सांगायचं होतं. सकाळी दुकान उघडलं आणि खडू हातात घेऊन नुसतीच उभी राहिले. ठराव पडला होता, तो जाणार नव्हता. आता तो रोज येईल का? की आता गरज नाही म्हणून यायचाच नाही? काल सभा संपल्यावर आजोबांनी त्याला गाठलं, पोरांनी घेरलं, आणि आम्ही एक शब्दही बोललो नव्हतो. रेघ ओढायची तर कुठं ओढायची? मी ओढली, पुसली, पुन्हा ओढली. अगदी उंबऱ्याशी.

दुपारी तो आला. एकटा.

"उशी कुठंय?" मी घाबरून विचारलं. उशी दिसली नाही म्हणून घाबरायची ही माझी पहिलीच वेळ.

"घरी झोपलीय."

"मग या वाटेनं कसे? ही वाट तर तिला आवडते ना?"

तो खाली बघत होता. रेघ सापडली तसा पलीकडे थांबला. चपलांची टोकं बरोबर मागं.

"नाही," तो म्हणाला. "तिला मैदानाची वाट आवडते. रोज इकडे वळताना पट्टा ओढायची. मीच तिला…" तो अडखळला. लोकांचे दात बसवणाऱ्या माणसाला शब्द बसवता येईनात. "मला तू आवडतेस. हे उशीचं मत नाही. माझं आहे."

हातातल्या खडूचे दोन तुकडे झाले.

"ही रेघ तिची होती," तो म्हणाला. "माझी कुठं आहे? तू सांगशील तिथं थांबतो. रस्त्यापलीकडे म्हणालीस तरी चालेल."

आत बाबा उगाचच मोठ्यानं डबे हलवायला लागले. मी उंबरा ओलांडला, रेघ ओलांडली. त्याच्या शर्टाच्या बाहीवर अजून निळा ठिपका होता. मी त्याच्या बाजूनं त्याच्या मागं गेले, खाली वाकले आणि त्याच्या टाचांना लागून खडूची एक जाड, लांबच लांब रेघ ओढली.

"ही तुझी," मी म्हणाले. "हिच्या पलीकडे जायचं नाही."

"कधीच?"

"मला विचारल्याशिवाय नाही."

तो वळला. इतक्या जवळून मी त्याला पाहिलंच नव्हतं. माझी हनुवटी त्यानं बघितली, व्रणाकडे हात नेला आणि मधेच थांबवला.

"चालेल?" त्यानं विचारलं.

मी मान हलवली—या वेळी होय म्हणून, अगदी नक्की.